लाडवांत वेलची नव्हती

भाईंदर पूर्व
२८ मे २०२५

मानसीचे आजोबा यांस,

जयभीम. एवढा एक शब्द सोडला तर या पत्रात गोड काही शोधू नका.

फोन करत नाही, कारण मी बोलायला लागले की तुमची रेंज जाते. शेजारचे पंढरीनाथ भावजी तुमच्याच पडवीत उभे राहून इथल्या त्यांच्या अमोलशी तासभर बोलतात, त्यांची रेंज कशी जात नाही? पत्राला रेंज लागत नाही. मी तिसरीपर्यंत शिकले, पण तुमच्यावर चिडायला तेवढी तिसरी पुरते.

तर खीर. विहारावर पत्रे होते तेव्हापासून बुद्धपौर्णिमेची खीर माझ्या हातची. आता विहाराला टाइल्स आल्या, पंखे आले, खीर तीच. केबिन रोडला चार दुकानं हिंडून मी जायफळ हातात घेते, नखाने खरवडते, वास घेते, मग घेते. दुकानदार म्हणतो, "मौशी, सोना खरीदने आये क्या?" मी म्हणते, सोना नहीं, उससे बडा काम है.

त्या दिवशी अख्खी पंगत बसलेली. उदयभाऊ माईक हातात घेऊन देणगीदारांची नावं वाचत तुमच्या शेजारी आले. आणि तुम्ही वाटी खाली ठेवून काय म्हणालात? "सरोजा, ही खीर आहे की पेज? नुसतं साखरेचं पाणी. तुझ्या हाताची चव गेली आता." माईक चालू होता. कर्णा बाहेर नाक्यापर्यंत लावलेला. नाक्यावरच्या पानवाल्यालासुद्धा कळलं की सरोजाच्या हाताची चव गेली.

विहारातली ती रसिका लगेच पुढे आली. "काकी, पुढच्या वर्षी मी करते, तुम्ही आराम करा." आराम! पन्नास वर्षांचा संसार करून मला आराम कोणी दिला नाही, तो रसिकाने एका वाटीत दिला. त्या पोरीचा राग नाही मला. तिला जागा कोणी करून दिली?

आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पिशवी भरून गावाला. म्हणे सागाला पालवी फुटेल, बघायला हवं. तीस वर्षं कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना बफिंग केलंत, घासून चकाकी आणलीत, रिटायर झाल्यावर मंडणगडच्या त्या उतारावर साग लावलात, मी काही म्हणाले? आताही म्हणत नाही. सागाजवळच राहा. पण माझी एकच अट आहे ती ऐका. त्याच विहारात, त्याच माईकवर म्हणायचं, की खीर चांगली होती. तोवर या घरात तुम्हाला पाणीसुद्धा नाही.

एक आनंदाची गोष्ट आहे. ती तुमच्यासाठी नाही, तरी लिहिते, कारण पोटात राहत नाही. आपल्या मानसीला प्रयोगशाळेत घेतलं. पीएचडी. समाधानने नाशिकहून फोन केला तर रडत होता, बाप असून. मी नाही रडले. मी मजल्यावर पेढे वाटले आणि मग जिन्यात बसून थोडं रडले.

कशावर करणार विचारा. तुमच्या सागाची पानं खाणाऱ्या अळीवर.

सरोजा


९ जुलै

अहो,

उत्तर नाही. बरं. अमोल म्हणाला, तुम्ही पत्र वाचून खिशात घातलंत आणि म्हणालात, "म्हातारीला पोष्टाचं वेड लागलंय." लागू दे.

घरात आता आम्ही तिघं आहोत म्हणा. मी, मानसी आणि अळ्या. बाल्कनीत डबे मांडलेत, झाकणांना जाळी. तुमच्या सागावरची तीच जात आपल्याकडे खाडीतल्या तिवरांवर पण येते. मानसी खाडीकाठच्या डोंगरीकडे जाऊन गुडघाभर चिखलातून आणते. तुमच्या झाडावरून आणणार होती, पण गेल्या पावसात तुम्ही तिला काय म्हणालात ते ती विसरली असेल, मी नाही. ती बिचारी सांगत होती की आजोबा, सागाला परत पानं फुटतात, झाड मरत नाही, एवढं औषध मारू नका. तर तुम्ही, "आली मोठी अळ्यांची वकील!" आणि पाठीवर पंप घेऊन चाललात, नाकाला फडकं नाही की काही नाही. पंढरीनाथ भावजींची बायको मागून ओरडत होती, "भावोजी, नाक तरी बांधा!" तुम्ही कोणाचं ऐकलंय?

या अळ्यांना सागाचं कोवळं पान लागतं. मुंबईत साग कुठला? शोधला. बेव्हर्ली पार्कला एका सोसायटीत आहे. वॉचमनने अडवलं. "दादी, पत्ता किसके लिए?" मी म्हटलं, "मेरी नात के कीडे के लिए." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरीला कसलासा आजार झालाय. आता मला बघितलं की आपणहून फांदी वाकवतो आणि विचारतो, "बिटिया अब ठीक है?"

शेजारची रश्मीबेन खूश आहे. "सरोजाबेन, तुम तो जीवदया कर रहे हो." या अळ्यांचे पतंग झाले की प्रयोगशाळेत त्यांचं काय होतं ते तिला सांगायचं नाही, असं माझं आणि मानसीचं ठरलंय.

आणि काय मुलगी आहे हो आपली! रात्री जेवताना मला सगळं शिकवते. या पतंगाला नाक नसतं. दोन मिशा असतात, त्यांवर केस, आणि केसाकेसाला वास कळतो. नराला मैलभरावरची मादी त्या मिशांनी कळते. मादीला साग कुठे फुटलाय ते कळतं. झाडावर उतरली की पाय लावून चव बघते, पान कोवळं की जून, मग अंडी. मी म्हटलं, म्हणजे ही बाई पंगतीत पाय घालून जेवते! मानसी इतकी हसली की तिला ठसका लागला.

तर हे वास आणि चव ओळखणं कोणी शिकवत नाही. आईबापाकडून अंगात येतं, जनुकं म्हणतात. प्रत्येक जनुक एकेका वासाचं. मानसी त्या मिशा कापते, वाटते आणि मशीनमध्ये घालून कुठलं जनुक कशासाठी ते शोधते. सागाचा वास कुठल्या जनुकाने कळतो ते सापडलं, की त्याच वासाचा सापळा लावायचा. विष नको, पंप नको. पोरगी तुमच्याच झाडांसाठी झटतेय आणि तुम्ही तिच्याशी वर्षभर बोलत नाही. माझ्याशी बोलू नका, ते मी सहन करीन. तिच्याशी?

लाज असेल तर तिला तरी फोन करा.

सरोजा


२४ ऑगस्ट

अहो,

अमोल गणपतीच्या सुट्टीला गावी निघालाय, त्याच्या हाती रव्याचे लाडू पाठवतेय. मी पाठवत नाही, हे आधी लिहून ठेवते. मानसीने हट्ट केला. तुम्ही तिला फोन केलात ना, दोन मिनिटं बोललात, त्यावर पोरगी आठवडाभर नाचतेय. एवढ्यावर विरघळते, तुमच्या वळणाची अजिबात नाही.

रवा घरात होताच. तूप होतंच. फुकट जाण्यापेक्षा लाडू वळले. वेलची घातली नाही. होती घरात. रागाने घातली नाही.

पंढरीनाथ भावजी सांगत होते, तुमचा सदरा अंगावर लोंबतोय म्हणून. जेवता की नाही? मला काय त्याचं, मानसी विचारतेय.

सरोजा


३१ ऑगस्ट

श्रीपती,

नावाने लिहितेय. आयुष्यात पहिल्यांदा. इतका राग आहे.

आधी माझी चूक, ती लपवणार नाही. तुम्हीच बफिंग करून आणलेला तो मोठा झाकणाचा डबा आठवतो, ज्यात तोंड दिसतं? मे महिन्यापासून त्यात सुकट होती. अमोल खाली रिक्षा थांबवून हॉर्न मारत होता. मानसीने घाईत सुकट पिशवीत ओतली, डबा पुसला आणि लाडू भरले. धुतला नाही. मला वाटलं तिने धुतला, तिला वाटलं तो धुतलेलाच होता. त्यातलेच थोडे लाडू तुमच्यासाठी डबीत काढले, बाकीचे त्यातच राहिले. संध्याकाळी रश्मीबेन आली, मी मोठ्या प्रेमाने एक लाडू हातावर ठेवला. तिने तोंडाजवळ नेला आणि हात असा झटकला, जणू विंचू. "सरोजाबेन! आ शुं छे? इसमें तो मच्छी का बास है!"

बाई गं. इतकी वर्षं त्या बाईच्या घरी मी चप्पल बाहेर काढून, हात धुऊन गेले. मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. ती चांगली आहे, नंतर हसली. पण लाडू असा घाणेरडा वास मारत होते की कचऱ्याच्या गाडीवाल्याने पिशवी उघडून बघितली.

मी तळमळत होते, की तुमच्या तोंडात ते लाडू गेले असतील. आता मात्र मला बोलायला तोंड नाही, असं म्हणत होते. आणि मानसीच्या मोबाइलवर तुमचा आवाज आला. "लाडू पोचले. झकास झालेत. वेलची भरपूर घातलीय तुझ्या आजीने, वास घरभर सुटलाय."

घरभर सुटलाय!

मी चुकले तर "थू" म्हणायचं होतंत. डबी फेकायची होतीत. विहारात माईकवर म्हणालात तसं चारचौघांत म्हणायचं होतंत. पण असं गोड आवाजात चिडवायचं? चांगल्या खिरीला पेज म्हणायचं आणि सुकटीच्या लाडवाला झकास? म्हातारपणी हा कावेबाजपणा कुठून शिकलात?

मानसीने तो निरोप तीनदा लावला. मी म्हटलं, पुसून टाक. ती म्हणाली, "आजी, मला नाही वाटत ते चिडवतायत." मी म्हटलं, तुला काय कळतंय, तू अळ्यांची वकील, आता आजोबांची पण झालीस का?

सरोजा


२१ सप्टेंबर

अहो,

हे पत्र बसून वाचा. आणि वाचताना विडी पेटवू नका. पेटवाल तर याद राखा.

मानसीचा प्रयोग लागला. आठवडाभर तिचा पाय जमिनीवर नाही, माझाही नाही. आता सांगते काय झालं ते, तुमच्याशी त्याचा संबंध आहे.

तिने काही अळ्यांमधलं एक जनुक गप्प केलं. मारलं नाही, गप्प केलं, रेडिओचा एकच बँड बंद करावा तसं. ज्याने सागाचं पान "हेच ते" म्हणून ओळखू येतं, ते. मग मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक अळी. खाली सागाचं कोवळं पान, लुसलुशीत, असं की मलाही खावंसं वाटावं. शेजारची दुसरी अळी पानाला भोकं पाडत सुटलीय. ही मात्र पानावरून चालतेय. डोकं इकडे करते, तिकडे करते, पानाला तोंड लावते, सोडते. परत चालते. अन्नावर उभी राहून उपाशी.

मी म्हटलं, "मानसी, या पानात काही खोट असेल. औषध मारलेलं असेल." ती म्हणाली, "आजी, पान तेच आहे. पानात काही खोट नाही. हिला ते कळतच नाही."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं.

मी विचारलं, माणसाचं असं होतं का? ती म्हणाली, होतं, पण माणसाचं जनुकामुळेच व्हायला पाहिजे असं नाही. नाकातला भागच खराब होतो. आणि मग म्हणाली, "आजी, गोड-खारट तेवढं जिभेला कळतं. जायफळ, वेलची, सुकट हे सगळं नाकाचं काम. नाक गेलं तर खीर कशी लागेल माहितेय? साखरेच्या पाण्यासारखी."

साखरेचं पाणी. तुमचेच शब्द, माईकवरचे.

तव्यावरची पोळी करपली. वास मला आला.

आणि त्याच संध्याकाळी पंढरीनाथ भावजींचा फोन. तुम्ही त्यांना शपथ घातली होती म्हणे, सरोजाला सांगू नका. त्यांच्या बायकोने शपथ घेतली नव्हती, ती मागून फोन ओढून बोलली. ती पातेलं परत द्यायला आली तर अंगणापासून गॅसचा वास. आत तुम्ही शेगडीपाशी बसून काडेपेटी उघडताय, तोंडात विडी. तिने काडेपेटी हातातून हिसकली. तुम्ही तिला म्हणालात, "सर्दी झालीय जरा, नाक चोंदलंय." सर्दी! मे महिन्यापासून सर्दी? गेल्या वर्षीपासून?

मी आता एकेक आठवतेय आणि माझं डोकं फुटतंय. फाटलेल्या दुधाचा चहा प्यायलात आणि मला वाटलं, आज कसे काही बोलले नाहीत. डोंगरीला सुकी मासळी घ्यायला गेलो, कुबट बोंबील तुम्ही उचललेत, मी कोळणीशी भांडले, तुम्ही मलाच गप्प केलंत. गेला हिवाळाभर ताटात अर्धं जेवण टाकायचात आणि मी म्हणायचे, माणसाचं मन उडालंय माझ्यावरून. ती फवारणी तुम्ही केलीत पावसात, हे सगळं त्यानंतरचं. फवारणीनेच गेलं, की तीस वर्षांच्या बफिंगच्या धुळीने, की त्या साथीच्या तापाने, ते डॉक्टर सांगेल. मला ते नाही विचारायचं.

मला विचारायचंय, तुम्ही मला का नाही सांगितलंत?

मी इतके महिने जायफळाला दोष दिला. दुधवाल्याशी भांडले, दूधवाला बदलला. रोज सकाळी आमटी करून पळीभर तोंडात घेऊन मोरीत उभी राहायचे, की खरंच का माझ्या हाताची चव गेली? पन्नाशीची असते तर नव्याने दुसरं काही शिकले असते. माझ्याकडे दुसरं आहे काय? शाळा नाही, नोकरी नाही, जमीन नाही. लोक मला सरोजाच्या हातच्या खिरीने ओळखतात. ते तुम्ही कर्ण्यावरून काढून घेतलंत, आणि का, तर "मला वास येत नाही" हे चार शब्द तोंडातून निघेनात म्हणून.

आणि तुम्हाला तरी कशाची लाज? डोळे गेले असते तर चष्मा लावला असतात. कान गेले असते तर ओरडून बोललो असतो. नाक गेलं तर बायकोची खीर वाईट?

तो निरोप मी काल परत ऐकला. पुसायला सांगितलं होतं, मानसीने पुसला नव्हता. "वेलची भरपूर घातलीय." तुम्ही मला चिडवत नव्हतात. तुम्ही मला खूश करायला खोटं बोलत होतात. वास येत नव्हता, म्हणून आठवणीतून बोललात, की सरोजाच्या लाडवात वेलची असतेच. आणि मला त्याचा जास्त राग आलाय. चिडवलं असतंत तर बरं होतं.

लाडवांत वेलची नव्हती, श्रीपती. लाडवांना सुकटीचा वास होता. कचऱ्याच्या गाडीवाल्याला आला तो.

गॅसला हात लावायचा नाही. पंढरीनाथ भावजींकडे जेवा. बटण त्यांच्या बायकोने बंद केलंय आणि नळी काढून घेतलीय, मीच सांगितलं. तिच्याशी भांडू नका, भांडायला मी आहे.

सरोजा


२७ सप्टेंबर

अहो,

तुमचा फोन आला तेव्हा मी घरात होते. मानसीला म्हटलं, सांग आजी विहारात गेलीय. स्पीकरवर होता, सगळं ऐकलं. तुम्ही आधी पाऊस कसा आहे विचारलंत, मग सागाला परत पानं फुटली सांगितलंत. मग म्हणालात, "मानसी, तुझ्या त्या अळीचं पुढे काय झालं गं? जी खात नव्हती?"

पोरगी खरं बोलते, तिला दुसरं येत नाही. म्हणाली, "उपाशी राहिली, आजोबा. पण तिला कोणी सांगणारं नव्हतं, की हे तुझंच पान आहे."

त्यावर तुम्ही फोन ठेवला नाहीत. रेंजही गेली नाही. तेवढ्यावर मी येतेय.

परवा मी आणि मानसी निघतोय. तिला तुमच्या सागावरच्या अळ्या हव्यात, डबे घेऊन येतेय. त्या कापायला देणार आहात की नाही ते तुम्ही दोघं बघा. येताना तुम्हाला सोबत घेऊन येणार. नाक-घशाच्या डॉक्टरकडे तिने नंबर लावलाय, वास परत येईल की नाही ते माहीत नाही म्हणते. न आला तर न आला. दसऱ्याला विहारात कार्यक्रम आहे, मी उदयभाऊंना माईक मागून ठेवलाय.

पण माझी अट बदललीय, नीट वाचा. "खीर चांगली होती" असं म्हणायचं नाही. तुम्हाला काय माहीत ती कशी होती? खोटं बोललेलं मला पुरे झालं. तुम्ही म्हणायचं, "मला वास येत नाही." एवढंच. पंगत काय ते समजेल, रसिकासुद्धा. तिथे कित्येकजण कारखान्यात राबलेले बसतात, कोणाकोणाचं काय काय गेलंय ते कळेल तरी. कोणीतरी पहिलं बोलायला पाहिजे, आणि माईक तुम्हाला चांगला सापडतो.

आल्या आल्या तुमच्या घरी खीर करणार आहे. जायफळ केबिन रोडवरून घेतलंय, चार दुकानं हिंडून. तुम्ही शेगडीपासून लांब, पाटावर बसायचं. दूध आटलं की मी सांगीन. जायफळ किसलं की सांगीन, आता वास सुटला. वेलची घातली की तेही सांगीन, घातली तरच.

तुम्ही खायचं आणि कशी लागते ते खरं सांगायचं. साखरेचं पाणी तर साखरेचं पाणी.

"झकास" म्हणालात तर वाटी काढून घेईन.

सरोजा